पांढरी दोन, काळी दोन आणि सत्तावीस आवर्तनं

शुक्रवार

महालक्ष्मी एक्सप्रेसने एलपी न्यायच्या तर वरचा बर्थ घ्यावा आणि पिशवी आपल्या व भिंतीच्या मध्ये उभी ठेवावी. आडव्या ठेवलेल्या तबकड्या वाकतात, आणि खाली ठेवल्या तर कुणीतरी त्यावर पाय देऊन चढतं. पहाटे सांगलीला डॉक्टर चढले. गुडघ्यावर जॅझ पियानोवाल्या बिल एव्हान्सचा बॉक्स सेट आणि गळ्यात मफलर. बाहेर धुकं होतं, फाटकाफाटकाशी उसाच्या ट्रॉल्या खोळंबलेल्या. हातकणंगले जाईपर्यंत त्यांनी मला तबकडीच्या जुन्या आणि नव्या प्रेसिंगमधला, म्हणजे छापांमधला, फरक समजावला. मी तो आधीही ऐकला होता, पण डॉक्टरांना थांबवण्याचं औषध अजून निघालेलं नाही.

आमचा मुक्काम कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत आबांकडे, जॅझच्या तबकड्या ऐकायला. आबा हायस्कुलात गणित शिकवायचे, संध्याकाळी हार्मोनियमची साथ करायचे. त्यांच्या तरुणपणी घरात शॉर्टवेव्हचा रेडिओ होता. त्यावर रात्री व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओचा, विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम लागायचा. १९५५ पासून हा माणूस सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलत जगभर जॅझ ऐकवत होता. 'टेक द ए ट्रेन'ची धून वाजली की आबांचे वडील म्हणायचे, "लागली तुझी गाडी." सूर मध्येच खरखरीत बुडून जायचे आणि दोन मिनिटांनी भलत्याच जागी वर यायचे. आबांचं जॅझ हे असं तुकड्यातुकड्यांनी जमलेलं.

बेळगावचे प्राध्यापक रात्रीच येऊन पोचले होते. आबांच्या घरचे नियम ठरलेले: फोन बाहेरच्या खोलीत, एका वेळी एकच बाजू, आणि बाजू संपेपर्यंत कुणीही "आता ऐका हं" असं म्हणायचं नाही. तिसरा नियम खास डॉक्टरांसाठी आहे.

चहा झाल्यावर पहिली सुई पडली ती ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वर. यात नवल काही नाही, चार जॅझवाले जमले की सुरुवात गणपतीच्या आरतीसारखी तिथूनच होते. पण आज हेतू वेगळा होता. प्राध्यापकांकडे सत्तरच्या दशकातलं जुनं प्रेसिंग होतं, माझ्याकडे नंतरची, वेग दुरुस्त केलेली आवृत्ती. आबांनी हार्मोनियम पुढ्यात ओढली.

आधी माझी लावली. 'सो व्हॉट'ला आबांनी पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, धरली. बरोबर जुळली. "काफी थाट," ते म्हणाले. सोळा बार (चार-चार मात्रांचे गट) तिथेच फिरून पुढच्या आठ बारांना सगळा मामला अर्ध्या सुराने वर, काळी दोनवर गेला, आणि शेवटच्या आठांना पुन्हा खाली आला. आबांनी भाता थांबवला. "षड्जच उचलून नेला की हो यांनी! राग तोच, घर बदललं." जॅझची पुस्तकं याला मोडल म्हणतात आणि बरीच पानं खर्च करतात. हार्मोनियमवाल्या माणसाने ते एका वाक्यात सांगितलं.

मग प्राध्यापकांची जुनी तबकडी. पांढरी दोन जुळेना, काळी दोन तर नाहीच नाही. सूर दोहोंच्या मध्ये, पांढरीच्या किंचित वर. कारण आता जॅझवाल्यांत सर्वांना ठाऊक आहे. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत पहिल्या बाजूचे तीनही तुकडे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा मुख्य टेप-यंत्र जरासं हळू चालत होतं. हळू चाललेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो आणि लयही. शेजारी दुसरं यंत्र राखीव म्हणून चालू होतं, ते बिनचूक होतं. पण त्या टेपांवरून दुरुस्त आवृत्ती निघायला १९९२ उजाडलं. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती पहिल्यापासून ठीक. आबांनी तीही तपासली: 'ऑल ब्लूज'ला पांढरी पाच, चोख.

म्हणजे तेहतीस वर्षं जगभरातली पोरं ही बाजू लावून, आपली वाद्यं किंचित चढी लावून रियाज करत असणार. प्राध्यापकांचं म्हणणं, चूक ती चूक, दुरुस्त झाली हे उत्तम. डॉक्टर म्हणाले, "मला ती चढीच आवडते. कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन जरा तापल्यासारखा वाटतो." यावर जेवणापर्यंत भांडण चाललं. माझं मत प्राध्यापकांच्या बाजूचं आहे, पण थोडं वेगळ्या कारणासाठी: दुरुस्त आवृत्तीत ड्रमर जिमी कॉबचे ब्रश अंमळ जास्त निवांत चालतात, आणि त्या तबकडीत निवांतपणाच तर सगळा आहे.

दुपारनंतर फारसं काही झालं नाही. काकूंनी भाकरी, वांगं आणि खर्डा असं जेवू घातलं की माणसं तत्त्वापेक्षा चटईला जवळ करतात.

शनिवार

सकाळी मिसळ. कोणाची चांगली, हा वाद कोल्हापुरात बाहेरच्यांनी उकरू नये. आबा नेतील तिथे गेलो, कट मागून घेतला, घाम पुसला.

तिथून चालत देवल क्लबकडे. शंभर वर्षांहून जुनी ही संगीतसंस्था. आबा बाहेरूनच हात जोडतात. तिथून पुढे केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं, मूळ नाव पॅलेस थिएटर, आणि पाठीलाच खासबागेचं कुस्तीचं मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आता उभारणीचं काम चालू आहे. आबा तिथे फार थांबले नाहीत. "इथं मी मल्लिकार्जुन मन्सूरांना ऐकलंय," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

मला पुढचं बोलणं तपशिलात लिहून ठेवायचं आहे, कारण या फेरीतलं सर्वांत चांगलं बोलणं ते रस्त्यावर, भवानी मंडपाच्या दिशेने जाताना झालं.

उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांचे दरबारगायक. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा मूळपुरुष कितीतरी वर्षं या गावात राहिला, इथे शिकवलं, महाराज १९२२ साली गेल्यावर मुंबईला गेला. १९४६ पर्यंत जगला. तोवर ग्रामोफोन कंपन्या गल्लोगल्ली गवई शोधत फिरत होत्या. तरी खाँसाहेबांच्या गळ्याची एकही तबकडी नाही. प्राध्यापक म्हणाले, "आमच्याकडे बडी बोल्डन."

बोल्डन न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवाला, जन्म १८७७. जॅझ जिथून सुरू झालं असं सगळे बोट दाखवतात तो माणूस. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, १९३१ ला तो तिथेच मेला. बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याने सांगून ठेवलं होतं की एक मेणाचं सिलिंडर भरलं होतं. ते आजवर कोणाला सापडलेलं नाही. त्याच गावचा फ्रेडी केपार्ड. आपली बोटं कोणी चोरू नयेत म्हणून हा हातावर रुमाल टाकून वाजवायचा आणि १९१६ मध्ये आलेली ध्वनिमुद्रणाची संधी त्याने त्याच भीतीने सोडली, असं सांगतात. हे ऐकून आबा रस्त्यात थांबून हसले. "आमच्याकडं रुमाल नव्हता. दार लावून घ्यायचे."

पण बोल्डन अगदीच हरवला असं नाही. जेली रोल मॉर्टनने लहानपणी त्याला ऐकलं होतं, आणि १९३८ मध्ये पियानोवर बसून बोल्डन कसा वाजवायचा ते त्याने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी वाजवून, गाऊन दाखवलं. आबांचं म्हणणं, खाँसाहेबांनाही आपण असंच ऐकायचं. त्यांच्या शिष्या केसरबाईंच्या तानेत, मोगूबाईंच्या लयीत. खाँसाहेबांचा एक मुलगा मंजी खाँ गेल्यावर दुसऱ्याकडे, भुर्जी खाँकडे, शिकलेल्या मल्लिकार्जुनांच्या अनवट रागांत. डॉक्टरांना हे पटेना. "चेल्यावरून गुरू ऐकायचा म्हणजे झेरॉक्सवरून मूळ कागद ओळखायचा." आबा शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, झेरॉक्सनं आपलं काही घातलेलं नसतं. इथं प्रत्येकानं घातलंय. तिघांत जे सारखं निघतं ते खाँसाहेबांचं, बाकी ज्याचं त्याचं." गणिताचा मास्तर सामाईक अवयव काढत होता.

दुपारी तांबडा-पांढरा. संध्याकाळी आबांचा भाचा आला. याचा साउंड सिस्टीमचा धंदा आहे: लग्नं, सभा, मंडळाचे कार्यक्रम. जॅझशी त्याचं काही देणंघेणं नाही, पण मामाचा अँप्लिफायर दुरुस्त करतो म्हणून त्याला बैठकीत कायमची जागा.

रात्री न्यूपोर्ट. ७ जुलै १९५६, तीही शनिवारचीच रात्र. ड्यूक एलिंग्टनचा बँड तेव्हा उताराला लागलाय असं लोक उघड म्हणत होते. मध्यरात्रीच्या सुमारास ड्यूकने १९३७ मधल्या आपल्या दोन जुन्या रचना काढल्या, 'डिमिन्युएन्डो इन ब्लू' आणि 'क्रेसेन्डो इन ब्लू', आणि दोहोंच्या मधल्या जागेत टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्विसला सोडलं. तो ब्लूजची सत्तावीस आवर्तनं वाजवत राहिला. काळ्या पोशाखातली, सोनेरी केसांची एक बाई उठून नाचायला लागली, मग मैदानच उठलं.

(इथे एक खुलासा. मुंबईत ऑर्केस्ट्रांतल्या गोवेकरांमुळे गोन्साल्विस म्हटलं की आपण लगेच "आपला माणूस" म्हणतो. अँथनी आणि ब्राझ गोन्साल्विस आपले खरेच. पॉल मात्र केप व्हर्डी बेटांवरून अमेरिकेत आलेल्या घरातला. पोर्तुगीज दोन्हीकडे गेले होते, एवढाच संबंध.)

तर गोन्साल्विस आयुष्यातला सर्वांत मोठा सोलो वाजवत होता आणि उभा होता भलत्याच माइकसमोर. कोलंबियाचा माइक बाजूला राहिला, तो वाजवत होता व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या माइकात. कोलंबियाच्या एलपीवर तो सोलो लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. शिवाय त्या एलपीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला, वर टाळ्या चिकटवलेल्या. ड्यूकची सर्वांत जास्त खपलेली तबकडी हीच.

मी हे सांगत असताना भाचा मांडी घालून पुढे सरकला. "ताई, ह्ये तर आमच्यात रोजचंच हाय. पाहुणा आमचा माइक सोडून टीव्हीवाल्याच्या दांडक्यात बोलतोय. लोकांस्नी ऐकू येत न्हाई, आन् रात्री बातम्यांत झकास ऐकू येतंय."

नेमकं तेच. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकेची टेप सापडली, आणि १९९९ मध्ये निघालेल्या दुहेरी सीडीत फिल शाप यांनी दोन्ही मोनो टेप एकमेकींशी जुळवून, एक डाव्या आणि एक उजव्या अंगाला ठेवून, चक्क स्टिरिओ तयार केला. भाच्याला एलिंग्टनपेक्षा याचंच जास्त अप्रूप. दोन वेगळ्या यंत्रांचा वेग कधीच तंतोतंत सारखा नसतो, मग एवढा वेळ त्या धरून कशा ठेवल्या, हे त्याने तीनदा विचारलं.

आधी जुनी एलपी, मग १९९९ ची. दुसऱ्या वेळी गोन्साल्विस खोलीत आला. साधारण सहाव्या-सातव्या आवर्तनापासून मागून बँडमधल्यांच्या आरोळ्या ऐकू येतात, ड्रमर सॅम वुडयार्ड ठोक्यातून बाहेर येत नाही, ड्यूक ओरडतो. आबा मांडीवर आवर्तनं मोजत होते आणि प्रत्येक वेळी समेला मान. सत्तावीस भरली तेव्हा ते म्हणाले, "एकदाही पुढं-मागं झाला नाही."

डॉक्टर जुन्या एलपीच्या बाजूने लढले: लोकांनी जे चाळीस वर्षं ऐकलं, ज्याने ड्यूकला पुन्हा उभं केलं, ती तबकडी खोटी कशी? मुद्दा चुकीचा नाही. पण चिकटवलेल्या टाळ्या एकदा कळल्या की मला त्या ऐकवत नाहीत. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की चांगली टेप केली ती विकायला बसलेल्या कंपनीने नव्हे. ती केली लांबच्या देशांतल्या, शॉर्टवेव्हवर कान लावून बसलेल्या माणसांसाठी. म्हणजे आबांसाठी. मी तसं म्हटलं. आबा म्हणाले, "आमच्याकडं खरखरच पोचली," आणि पुन्हा लाव म्हणून खूण केली.

रविवार

पन्हाळ्याला जायचं ठरलं होतं ते कोणीच उठून बोलून दाखवलं नाही. रंकाळ्यावर एक फेरी, गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं दूध, आणि परत.

रविवार म्हणून डॉक्टरांचा बॉक्स. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये बिल एव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपार आणि रात्र मिळून पाच बैठकी. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. रिव्हरसाइड कंपनीने आधी एक एलपी काढली, तीत त्याचं वाजवणं पुढे येईल असे तुकडे निवडून, मग दुसरी. सगळं घडलं त्या क्रमाने एकत्र यायला २००५ साल उजाडलं.

या बॉक्समध्ये पहिलाच तुकडा 'ग्लोरियाज स्टेप' मध्ये तुटतो, कारण यंत्राची वीज गेली. आणि योगायोग लिहायला संकोच वाटतो, पण त्याच सकाळी पेठेतली वीजही गेली, थोड्या वेळाने. काकू आतून म्हणाल्या, "अमेरिकेतून आली वाटतं." अर्धा तास आम्ही तसेच बोलत बसलो.

वाद असा: तोच तुकडा दोनदा-तीनदा, अर्धवट वाजवलेलाही, पेट्यांत भरून विकावा का? प्राध्यापक म्हणाले, निवड करणं हेच प्रकाशकाचं काम, एव्हान्सने त्या दोन एलपींवर समाधान मानलं होतं. आबांचं मत मला अनपेक्षित होतं. त्यांना पूर्ण पेटी हवी. "मैफलीत गवई बंदिश पुन्हा घेतो तेव्हा तुम्ही उठून जाता का? एकदा कशी मांडली, दुसऱ्यांदा कुठं वळली, तेच तर ऐकायचं." वीज आल्यावर 'वॉल्ट्झ फॉर डेबी'चे दोन्ही टेक पाठोपाठ लावले. दुसऱ्यात लाफारो बासच्या वरच्या भागात जास्त वेळ रमतो, असं मला वाटलं; प्राध्यापकांना वाटलं नाही. ग्लासांची किणकिण मात्र दोन्हींत आहे, आणि एक बाई हसते ती कोणाला, हे कळायला मार्ग नाही.

दुपारी पियानोवाला मंक आणि कोल्ट्रेन. कार्नेगी हॉल, २९ नोव्हेंबर १९५७. ही टेपही व्हॉइस ऑफ अमेरिकेचीच. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुन्या टेपांचं डिजिटल रूपांतर चालू असताना २००५ मध्ये लॅरी अॅपलबॉम यांच्या हाती लागली. तोवर या जोडीचे थोडेच तुकडे लोकांना ठाऊक होते. आबांनी मंकबद्दल एकच वाक्य काढलं: "हा मुद्दाम शेजारची पट्टी दाबतो, आणि तीच बरोबर वाटते."

संध्याकाळी आबांनी आपल्या पेटीतून ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी, एक तबकडी काढली. केसरबाई. तीन मिनिटांत अख्खा राग उभा करून तबकडी संपते. आबा म्हणतात, आकाशवाणीवर मल्लिकार्जुन तासभर ऐकले की मग या तीन मिनिटांची किंमत कळते. केसरबाई वयाच्या आठव्या वर्षी गोव्याहून कोल्हापुरात आल्या होत्या, अब्दुल करीम खाँकडे शिकायला. ती तालीम आठ महिनेच टिकली. अल्लादिया खाँची तालीम पुष्कळ पुढे, १९२१ नंतरची. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. त्याच तबकडीत लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हन बँडचं १९२७ चं 'मेलन्कोली ब्लूज' आहे. दोन्ही मिळून सात मिनिटंही नाहीत. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ ला.

आम्ही ते दोन्ही पाठोपाठ लावले. भाचा दारात उभा राहून ऐकत होता. "निवड कुणी केली?" त्याने विचारलं. भैरवी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने सुचवली होती, असं प्राध्यापकांनी सांगितलं. "माणूस जाणता होता," भाचा म्हणाला. कोल्हापुरी माणसाकडून एवढं मिळालं की पुरस्कार समजावा.

सोमवार

सकाळी गूळ घेतला, चपला घेतल्या नाहीत. प्राध्यापक एसटीने बेळगावला गेले. आम्ही दोघं कोयना एक्सप्रेसला.

गाडीत डॉक्टरांनी डीन बेनेडेट्टी काढला. हा स्वतः सॅक्सोफोनवाला, चार्ली पार्करचा भक्त. १९४७-४८ मध्ये तो पार्कर वाजवेल तिथे यंत्र घेऊन जायचा, आणि पार्करचा सोलो सुरू झाला की यंत्र चालू, संपला की बंद. बाकीच्यांवर माल कशाला खर्च करा? मोझेक कंपनीने १९९० मध्ये ते सगळे तुकडे सात सीडींत काढले. सुरुवात नाही, शेवट नाही, नुसता पार्कर. डॉक्टरांच्या मते जॅझच्या इतिहासातला हा सर्वांत शुद्ध ऐकणारा.

मी म्हटलं, मागे ड्रमरने काय केलं म्हणून पार्कर तसा वळला, हे त्याने कापूनच टाकलं. एकट्याने कोणी वळत नाही.

"ते मला डोक्यात ऐकू येतं," डॉक्टर म्हणाले.

"मग सात सीडी कशाला घेतल्या?"

जयसिंगपूर गेलं, मिरज गेलं. डॉक्टरांनी मफलर नीट केला, बॉक्स काखेत घेतला आणि सांगलीला उतरताना म्हणाले, "पुढच्या वेळी आणतो. तिसरी सीडी ऐका, मग बोला."